त्रेसष्टचा आकडा

मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे. तोच आकडा उलटा करा, ६३. आता दोघांची तोंडं समोरासमोर, म्हणजे गोडीगुलाबी असायला हवी. पण हार्डडिस्कच्या जगात भांडण आहे ते याच ६३ शी, आणि ते चांगलं पंचवीस-तीस वर्षं धुमसत होतं. गंमत म्हणजे या आकड्याचा मूळ अर्थ संपला तो भांडण सुरू व्हायच्या कितीतरी आधी. आजचा लेख त्या आकड्याच्या इतिहासावर.

निमित्त झालं एका मित्राच्या घरच्या डब्याचं. डबा म्हणजे होम सर्व्हर. २००७ साली त्याने एका रिटायर झालेल्या पीसीवर लिनक्स टाकलं, घरातले सगळे फोटो त्यावर ठेवले आणि वडिलांच्या जुन्या कॅसेटी एकेक करून त्यात भरल्या. त्यानंतर पीसी बदलला, मदरबोर्ड बदलला, डिस्क दोनदा बदलली. अलीकडे तक्रार एकच: रात्री ११ ला लावलेला बॅकअप सकाळी ऑफिसला जाईपर्यंत चालूच. घरातले वैतागले, सकाळी टीव्हीवर गाणं लावलं की अडकतं. शेवटी त्याने बॅकअप बंदच करून टाकला. आठ महिने बंद! स्लो डिस्कचा खरा धोका हा असतो बरं का. स्लो डिस्क डेटा खात नाही. ती माणसाचा उत्साह खाते, आणि मग एक दिवस डेटा आपोआप जातो.

नेहमीचे संशयित आम्ही आधी तपासले. नेटवर्क गिगाबिटच्या वेगाने चालत होतं (केबलची एखादी तार सैल झाली की लिंक गुपचूप १०० मेगाबिटवर येते आणि सगळं सेकंदाला ११-१२ एमबीवर अडकतं, त्यामुळे हे आधी बघावं). डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट स्वच्छ. रिअलोकेट झालेले सेक्टर शून्य, पेंडिंग शून्य, केबलच्या दोषाने वाढणारा सीआरसी एरर शून्य. डिस्कवरून सलग वाचून पाहिलं, उत्तम वेग. एक मोठी फाइल लिहून पाहिली, ठीकठाक. पण थंबनेलचा फोल्डर कॉपी करायला घेतला आणि बैलगाडी सुरू झाली. आयोस्टॅट लावून पाहिलं तर डिस्क शंभर टक्के बिझी, आणि प्रत्यक्ष लिहिलेला माल मात्र चिमूटभर. वाचणं छान, सलग लिहिणं बरं, सुटं सुटं लिहिणं भयंकर. हे लक्षण ओळखीचं होतं. एफडिस्क उघडलं आणि पार्टिशनचा पहिला सेक्टर बघितला. ६३.

आता मागे जाऊ. चांगलं मागे.

पहिली व्यापारी हार्डडिस्क १९५६ ची. आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने बनवलेली, ३०५ रॅमॅक या यंत्राचा भाग. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेऱ्या, वजन टनाच्या वर, आणि साठवण किती? ५० लाख अक्षरं. आज फोनमधल्या एका फोटोलाही ती अपुरी पडेल. पण मूळ रचना तेव्हा ठरली ती आजतागायत तीच आहे: फिरणारी तबकडी, तिच्यावरची वर्तुळं म्हणजे ट्रॅक, आणि आत-बाहेर सरकणारं हेड. माहिती कुठे आहे हे सांगायचं तर पत्ताही तसाच द्यायचा. कितवं वर्तुळ, कोणतं हेड, वर्तुळातला कितवा तुकडा. सिलिंडर, हेड, सेक्टर.

सेक्टर केवढा असावा यावर बराच काळ एकमत नव्हतं. आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेमवर रेकॉर्ड हवा तेवढ्या लांबीचा करता यायचा. लहान यंत्रांच्या दुनियेत मात्र ठराविक मापाचा सेक्टर रुळला. डेक कंपनीच्या पीडीपी-११ ची आरके०५ ही डिस्क घ्या. तिचा सेक्टर २५६ शब्दांचा, शब्द १६ बिटांचा, म्हणजे ५१२ बाइट. १९७० च्या दशकात युनिक्स वाढलं ते याच यंत्रांवर आणि त्याचा ब्लॉकही ५१२ चा. १९८१ साली आयबीएम पीसी आला. त्याची फ्लॉपी ४० ट्रॅकची, ट्रॅकला ८ सेक्टर, सेक्टर पुन्हा ५१२ चा. मिळून १६० केबी. असं करत ५१२ हा आकडा डिस्कच्या धंद्यात शेर-पायलीसारखं माप होऊन बसला.

मग मार्च १९८३. आयबीएम पीसी एक्सटी आणि त्याच्यासोबत डॉस २.०. एक्सटीमध्ये १० एमबीची हार्डडिस्क होती: ३०६ सिलिंडर, ४ हेड, ट्रॅकला १७ सेक्टर. गुणाकार करून बघा, ५१२ ने गुणल्यावर बरोबर एक कोटी सहा लाखांच्या वर बाइट येतात. एका डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम राहाव्यात म्हणून पार्टिशनची कल्पना इथेच पीसीवर आली. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशनचा तक्ता, आपला मास्टर बूट रेकॉर्ड. त्या ट्रॅकवरचे बाकीचे सेक्टर रिकामे सोडायचे आणि पहिलं पार्टिशन पुढच्या ट्रॅकच्या आरंभापासून सुरू करायचं. उंबरठ्याच्या आत थोडी मोकळी जागा ठेवतो ना, तसं. (ही मोकळी जागा मोकळी राहिली नाही म्हणा. बूट लोडर, कॉपी प्रोटेक्शन आणि व्हायरस, तिघांनीही पुढे तिथे संसार थाटले.)

एक्सटीवर हा आरंभ सेक्टर १७ वर पडायचा, कारण ट्रॅकच १७ सेक्टरचा. मग ६३ कुठून आला?

तो आला बायोसच्या पत्त्याच्या कोंदटपणातून. डिस्कशी बोलण्याच्या बायोसच्या कॉलमध्ये सिलिंडरला १० बिट, हेडला ८ बिट आणि सेक्टरला उरलेले ६ बिट दिले होते. ६ बिटांत ६४ आकडे बसतात, पण सिलिंडर आणि हेड शून्यापासून मोजायचे आणि सेक्टर मात्र एकपासून. शून्य वाया गेलं, उरले ६३. ट्रॅकला १७ सेक्टर असण्याच्या काळात ६३ ही मर्यादा कुणाला जाणवणार? रुपयाला पन्नास पैशांची भेळ मिळायच्या दिवसांत लाखाचा धनादेश लिहायला रकाना पुरेल का, असं कोण विचारतं?

पुढे १९८६ च्या सुमारास आयडीई आलं आणि मोठा बदल झाला. कंट्रोलर कार्ड डिस्कच्या पोटात गेलं. आता आत काय चाललंय हे डिस्कलाच ठाऊक. बाहेरच्या वर्तुळाचा परीघ मोठा, म्हणून तिथे जास्त सेक्टर कोंबायचे आणि आतल्या वर्तुळांवर कमी, हे डिस्क बनवणारे करू लागले. (डिस्कचा सुरुवातीचा भाग शेवटच्या भागापेक्षा बराच वेगवान का असतो, याचं उत्तरही हेच. डिस्क भरत आल्यावर ती हळू वाटते त्याला हेही एक कारण.) आता प्रत्येक ट्रॅकला सारखेच सेक्टर असतात हे विधानच खोटं झालं. पण बायोसला तर तीन आकडे हवेतच. मग डिस्क खोटे आकडे सांगू लागली. १६ हेड आहेत म्हणायची, आत तबकड्या दोनच!

खोट्याची साखळी लांबत गेली. आयडीईला १६ च हेड चालायचे, बायोसला १,०२४ च सिलिंडर आणि ६३ च सेक्टर. दोघांच्या अटी एकत्र पाळल्या की डिस्क ५२८ एमबीच्या पुढे दिसायचीच नाही. नव्वदच्या दशकात हे कुंपण ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. त्यावर उपाय म्हणून बायोस स्वतःच भाषांतर करू लागला: २५५ हेड, ६३ सेक्टर. हेही काल्पनिकच. त्यानेही ८.४ जीबीपर्यंतच मजल गेली. शेवटी सगळ्यांनी तीन आकड्यांचा पत्ता सोडून सरळ अनुक्रमांक घेतला, पहिला सेक्टर शून्य, पुढचा एक, असं शेवटपर्यंत. यालाच लॉजिकल ब्लॉक ॲड्रेसिंग म्हणतात.

इथे खरं म्हणजे ६३ ची गोष्ट संपायला हवी होती. ट्रॅकच खोटा, तर ट्रॅकच्या आरंभाला काय अर्थ? पण पार्टिशन करणारे प्रोग्राम जुनी रीत पाळत राहिले. विंडोज एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ वर टाकायचं, लिनक्सचं एफडिस्कही. का? कारण डॉसला चालावं म्हणून. आणि डॉसला तसं का हवं? कारण ट्रॅक. पुण्यात वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत होऊन वीस वर्षं झाली तरी पत्ता 'अमक्यांच्या वाड्याजवळ' असाच सांगतात ना? तसंच हे. पत्ता चुकीचा आहे पण पोस्टमनला कळतो, म्हणून कुणी बदलत नाही. आणि त्यात त्रासही काही नव्हता. सेक्टर ५१२ चा असेतोवर ६३ काय नि ६४ काय, डिस्कला सारखंच.

मग सेक्टर बदलला.

प्रत्येक सेक्टरसोबत डिस्कला थोडा जादा मजकूर ठेवावा लागतो. सेक्टर सुरू झाल्याची खूण, मधली फट, आणि चूक झाली तर दुरुस्त करता यावी म्हणून एररकरेक्शनचे बाइट. ५१२ च्या सेक्टरमागे खुणा आणि फट यांचे साधारण १५ बाइट आणि दुरुस्तीचे ५० जातात. म्हणजे जागेतली जेमतेम ८८ टक्के कामाची. सेक्टर ४,०९६ बाइटचा केला तर खुणा तेवढ्याच, दुरुस्तीला १०० बाइट, आणि कामाची जागा ९७ टक्के. शिवाय तबकडीवरचे बिट जसे बारीक होत गेले तसा एक छोटासा ओरखडा जास्त बिट बिघडवू लागला, त्याला दुरुस्तीचा मोठा ठोकच लागतो. आयडेमा या डिस्क उद्योगाच्या संघटनेने मोठ्या सेक्टरच्या मापदंडावर काम सुरू केलं २००० मध्ये. प्रत्यक्ष बाजारात घरगुती डिस्क आल्या २००९ च्या अखेरीस आणि जानेवारी २०११ पासून डेस्कटॉप-लॅपटॉपच्या नव्या डिस्क या पद्धतीच्या करायच्या असं कंपन्यांनी ठरवलं. नाव ठेवलं ॲडव्हान्स्ड फॉरमॅट.

पण जगातली सगळी सॉफ्टवेअर ५१२ वर बेतलेली. म्हणून पुन्हा एक खोटं! आत सेक्टर ४,०९६ चा, बाहेर सांगायचं ५१२. सुरुवातीच्या काही डिस्क तर आतला आकडा विचारला तरी ५१२ च सांगायच्या.

आता गणित बघा, सोपं आहे. एका खऱ्या सेक्टरमध्ये आठ नकली सेक्टर. ० ते ७ पहिल्यात, ८ ते १५ दुसऱ्यात, असं करत ५६ ते ६३ एका सेक्टरमध्ये आणि ६४ ते ७१ पुढच्यात. फाइलसिस्टिमचा ब्लॉक बहुतेक ठिकाणी ४,०९६ चाच असतो. पार्टिशन ६४ वर सुरू झालं तर प्रत्येक ब्लॉक एका खऱ्या सेक्टरवर नेमका बसतो. ६३ वर सुरू झालं तर पहिला ब्लॉक ६३ ते ७०. म्हणजे त्याचा एक तुकडा अलीकडच्या सेक्टरमध्ये आणि सात पलीकडच्या. आणि हे पहिल्याच ब्लॉकचं नाही, पार्टिशनमधल्या प्रत्येक ब्लॉकचं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक घर दोन गट नंबरांत बांधलंय. राहायला काही अडचण नाही, पण खिडकी बदलायची म्हटली की दोन्ही सातबारे काढा, दोन्ही शेजाऱ्यांना विचारा. डिस्कला अर्धा सेक्टर लिहिता येत नाही. ती आधी दोन्ही सेक्टर वाचते, त्यातला आपला भाग बदलते, आणि दोन्ही परत लिहिते. पण वाचून होईस्तोवर ती जागा हेडखालून पुढे गेलेली असते. परत यायला पूर्ण एक फेरी. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर एक फेरी ११ मिलिसेकंदांची, ७,२०० वर ८.३ ची. सीपीयूच्या हिशेबात हे युग झालं.

वरची लक्षणं आता जुळवून बघा. वाचताना फेरफार करायचाच नसतो, म्हणून वाचन छान. सलग मोठी फाइल लिहिताना शेजारचे ब्लॉक एकापाठोपाठ येतात आणि डिस्कच्या कॅशमध्ये सेक्टर पुरा भरतो, मग आधी वाचायची गरज फक्त दोन टोकांना. म्हणून तेही बरं. थंबनेल, डायरेक्टरीच्या नोंदी, जर्नल ही सगळी सुटी छोटी लिखाणं. तिथे प्रत्येक वेळी दंड. म्हणून नुसता वाचनाचा वेग मोजून 'डिस्क चांगली आहे' असा दाखला देणारे फसतात.

२०१० मध्ये एक्सपी वापरणारे लोक भरपूर होते, त्यामुळे कंपन्यांना यावर काहीतरी करणं भाग होतं. वेस्टर्न डिजिटलचा तोडगा मला फार आवडतो. डिस्कच्या मागे एक जम्पर लावायचा, की डिस्क आलेल्या प्रत्येक पत्त्यात गुपचूप एक मिळवायची. ६३ मागितला की ६४ द्यायचा! म्हणजे खोट्याला खोट्याने उत्तर. :-) पण एकच पार्टिशन असेल तरच हे चालायचं. पुढची पार्टिशन काल्पनिक सिलिंडरच्या सीमेवर सुरू व्हायची. २५५ गुणिले ६३ म्हणजे १६,०६५, आणि त्याला आठने भागलं की बाकी एक. म्हणजे आठातल्या सात सीमा वाकड्याच.

कायमचा उपाय विंडोज व्हिस्टाने २००७ मध्येच आणला होता: पार्टिशन सुरू करायचं ते १ एमबीवर, म्हणजे सेक्टर २०४८ वर. लिनक्सची साधनं २०१० च्या आसपास त्याच रीतीवर आली. २०४८ ला आठने भाग जातो, रेडच्या नेहमीच्या पट्ट्यांच्या मापानेही जातो. प्रश्न मिटला.

मग २००७ पासून दोनदा डिस्क बदललेल्या या डब्यात ६३ आला कुठून? वारसाहक्काने. मूळ डिस्क १६० जीबीची, तिच्यावर तेव्हाच्या एफडिस्कने ६३ टाकला. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे दुकानदाराने ती सेक्टर-टू-सेक्टर क्लोन करून मोठ्या डिस्कवर घेतली आणि पार्टिशन शेवटाकडून ताणलं. नंतर ती पुन्हा २ टीबीच्या डिस्कवर क्लोन. शेवट दर वेळी सरकला, आरंभ तिथेच. लोखंड सगळं नवं, पण पहिल्या सेक्टरमधली नोंद डॉसच्या काळातली.

दुरुस्तीत हुशारी काही नाही. सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला, चेकसम जुळवले, मगच पार्टिशन उडवलं. डिस्क रिकामी होतीच म्हणून एक प्रयोग केला. आधी मुद्दाम ६३ वर नवं पार्टिशन करून चाळीस हजार थंबनेलचा फोल्डर नेटवर्कवरून कॉपी केला: ४१ मिनिटं. मग तीच डिस्क, तीच फाइलसिस्टिम, तोच फोल्डर, आरंभ २०४८ वर: १२ मिनिटं. हा प्रयोग गरजेचा होता, कारण नवं फॉरमॅट केल्यानेही डिस्क थोडी ताजीतवानी होते, आणि ते श्रेय चुकून दुसऱ्याला जायला नको. आता बॅकअप मध्यरात्री लावला की पहाटे चारच्या आत आटोपतो, आणि मुख्य म्हणजे तो रोज चालतो.

तुमच्याकडे जुना डबा असेल तर तपासणी एका मिनिटाची आहे. पार्टिशनचा आरंभ सेक्टर बघा, आठने भागा. बाकी शून्य तर निश्चिंत. लिनक्सवर एलएसबीएलकेला टोपॉलॉजी विचारली की फिजिकल सेक्टरही कळतो. झेडएफएस वापरणाऱ्यांनी अ‍ॅशिफ्ट बघावा. ९ म्हणजे ५१२, १२ म्हणजे ४,०९६. तो पूल बनवताना ठरतो आणि नंतर त्याच डिस्कसंचावर बदलता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १२ सांगावा.

जोएल स्पोल्स्की यांनी २००२ मध्ये लिहिलं होतं की प्रत्येक ॲबस्ट्रॅक्शन कुठेतरी गळतंच. डिस्क हे त्याचं उत्तम उदाहरण. आत वेगळं, बाहेर वेगळं, आणि फरक जाणवतो तो वेगात. हे थांबलेलंही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की घरगुती सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये शिंगल्ड रेकॉर्डिंग आहे, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. एक कौल बदलायचं तर पुढची उचलावी लागतात. पुन्हा तेच: वाच, बदल, परत लिही, फक्त या वेळी कितीतरी मोठ्या प्रमाणावर. रेडमध्ये बिघडलेली डिस्क बदलून नवी भरताना हे भोवतं, आणि नेमक्या त्याच वेळी डेटा सगळ्यात असुरक्षित असतो. लोक संतापल्यावर जूनमध्ये रेड प्लस हे वेगळं नाव देऊन जुन्या पद्धतीच्या डिस्क वेगळ्या केल्या.

आजही बहुतेक एसएसडी, ज्यांत ना तबकडी ना ट्रॅक, मागाल तेव्हा ५१२ चाच सेक्टर दाखवतात. आरके०५ ने पाडलेला पायंडा फ्लॅश मेमरी पाळतेय. आणि २०४८? त्याला आज आठने भाग जातो म्हणून तो शहाणा. तीस वर्षांनी सेक्टर केवढा असेल कुणी सांगावं. तेव्हाचा एखादा इंजिनिअर २०४८ कुठून आला हे शोधत बसला, तर त्याला एवढंच सांगणं: आधी बॅकअप चालू आहे का ते बघ. बाकीचा इतिहास शनिवार-रविवारी.